कोकण किनाऱ्यावर घोड्यांच्या फार्मवर राहून नॅचरल हॉर्समनशिप कशी शिकावी

कोकणात घोडा म्हटला की अलिबाग, नागाव, काशीद किंवा मुरूडच्या पुळणीवर पर्यटकांना फेरी मारून आणणारे घोडे आणि घोडागाड्या आठवतात. त्यापलीकडे अलिबाग-मांडवा भागात घोडे पाळणारे काही खासगी फार्म आणि घोडेस्वारी शिकवणारी केंद्रे आहेत. अशा ठिकाणी राहायचे, तबेल्याचे काम करायचे आणि त्या बदल्यात घोड्याशी वागण्याचे शिक्षण घ्यायचे, ही रीत परदेशांतल्या रँचवर चांगली रुळलेली आहे आणि आपल्याकडेही ती जमवता येते. मात्र ज्याला केवळ स्वार व्हायचे आहे, त्याने तासावर फी भरून शिकावे. ते लवकर होते आणि स्वस्तही पडते. इंटर्नशिप त्यांच्यासाठी आहे, ज्यांना घोडा खाताना, झोपताना, घाबरताना आणि आजारी पडताना पाहायचा आहे आणि त्यासाठी निदान तीन महिने देण्याची तयारी आहे.

नॅचरल हॉर्समनशिप म्हणजे घोड्याच्या स्वभावाच्या कलाने त्याला शिकवण्याची पद्धत. तिची मुळे अमेरिकेच्या पश्चिमेकडील गुराख्यांच्या परंपरेत आहेत. टॉम डॉरन्स (१९१०–२००३) आणि त्यांच्याकडून शिकलेले रे हंट यांनी घोडा धाकाने वठणीवर आणण्याऐवजी त्याला विचार करायला वेळ देण्याची दिशा दाखवली, आणि पुढे १९८० च्या दशकात पॅट परेली यांनी तिला ठरावीक पायऱ्यांत बसवून ती सामान्य घोडेमालकांपर्यंत नेली. मुळाशी असलेली गोष्ट साधी आहे. घोडा हा कळपात राहणारा, शिकार होणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ ३५० अंशांतले दिसते, पण नाकाच्या अगदी पुढे आणि शेपटीच्या थेट मागे दिसत नाही. भीती वाटली की त्याचा पहिला उपाय पळणे हाच असतो. अशा प्राण्यावर आपण दोराने, हाताने किंवा केवळ उभे राहण्याच्या ढंगाने दाब आणतो. त्याने योग्य दिशेने हालचाल केली त्या क्षणी तो दाब सुटला, तर नेमके काय केल्याने सुटका झाली हे त्याच्या लक्षात राहते. म्हणून साऱ्या शिक्षणाची गुरुकिल्ली ढील देण्याच्या वेळेत आहे आणि ती वेळ साधायला महिने लागतात.

‘दोन दिवसांत घोड्याची भाषा शिका’ अशी जाहिरात करणाऱ्यांपासून मी तरी लांब राहीन. गोल रिंगणात घोड्याला पळवत ठेवून शेवटी तो माणसाच्या मागे चालू लागला, याचा अर्थ दर वेळी विश्वास असा होत नाही. तो दमलेला असतो आणि त्याच्यापुढे दुसरा मार्ग उरलेला नसतो.

जागा निवडताना

फोनवर ठरवू नका. आधी एकदा जाऊन या, शक्यतो सकाळी दाणावैरणीच्या वेळी, आणि मालकाशी बोलण्याआधी घोड्यांकडे पाहा. ओठांच्या कोपऱ्यांत लगामाच्या जखमा आहेत का, पाठीवर खोगिराच्या जागी पांढरे केस आले आहेत का (खोगीर चुकीचे बसल्याने झालेल्या जुन्या दुखापतीची ती खूण असते), खूर वाढून पुढे चोचीसारखे निघाले आहेत का, पाण्याच्या टाकीत शेवाळ आहे का, हे पाच मिनिटांत कळते. माणूस जवळ गेल्यावर घोडे कान मागे पाडून भिंतीकडे तोंड करतात की मान पुढे काढतात, तेही पाहा. दिवसाचा काही वेळ ते दाव्याशिवाय, दुसऱ्या घोड्यांबरोबर मोकळे सोडले जातात का, हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारेन, कारण चोवीस तास बांधलेल्या घोड्यावर नैसर्गिक पद्धतीचे शिक्षण देतो म्हणणे हास्यास्पद आहे.

मग ठरावाचे बोला आणि ते कागदावर घ्या. कामाचे तास, आठवड्याची सुट्टी, राहण्याजेवणाची सोय, विद्यावेतन मिळणार की नाही, अपघात विम्याचा आणि दवाखान्याचा खर्च कोणाकडे, हे त्यात असावेच. पण सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे रोज किंवा आठवड्यातून किती तास कोणीतरी शिकवणार आहे, ते आकड्यात लिहिलेले असावे. ‘काम करता करता शिकाल’ एवढ्यावर भागवले, तर पर्यटनाच्या हंगामात तुम्ही फक्त फुकटचे मनुष्यबळ ठराल. फीही घ्यायची आणि दिवसभर कामही करून घ्यायचे, असा व्यवहार कोणी सुचवला तर शिकवणारा खरोखरच जाणता आहे याची त्याच्या घोड्यांवरून खात्री करून घ्या.

केव्हा जावे

सप्टेंबरअखेर पाऊस ओसरताना सुरुवात केली, तर ऑक्टोबरच्या उकाड्यात शरीर सरावते आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे शिकण्याचे सर्वांत चांगले महिने हाती लागतात. ज्याला घोड्याची निगा सखोल शिकायची आहे, त्याने मात्र एक पावसाळा तबेल्यात काढावा. आगोटीच्या सुमारास, म्हणजे पावसाच्या तोंडावर, सुके गवत जमिनीपासून उंच माळ्यावर कसे रचतात, ओल लागून बुरशी आलेली वैरण वासावरून कशी ओळखतात आणि ती का टाकून द्यायची (बुरशीची धूळ घोड्याच्या फुप्फुसांना बाधते), हे जून ते सप्टेंबरात जितके कळते तितके एरवी कळत नाही. खुरांचेही तसेच. चिखल आणि मुताने भिजलेल्या जमिनीवर उभ्या राहणाऱ्या घोड्याच्या खुराच्या तळव्यावरचा त्रिकोणी मऊ भाग सडू लागतो, त्यातून काळसर स्राव येतो आणि असा वास सुटतो की एकदा घेतला की विसरत नाही. रोज खूर उचलून, टाचेकडून टोकाकडे आकडीने साफ करणे आणि उभे राहण्याची जागा कोरडी ठेवणे, हाच त्यावरचा खरा इलाज.

तबेल्यातला दिवस

काम पहाटे सुरू होते आणि ते लीद काढण्यापासून सुरू होते. नवशिक्यांना हे कमीपणाचे वाटते, पण रात्रभरात घोड्याचे काय झाले, याची पहिली बातमी तिथेच मिळते. नेहमीइतकी लीद पडली आहे का, तिचे गोळे सुके-टणक आहेत की पातळ, रात्रीचे पाणी किती संपले, ठेवलेली वैरण तशीच आहे का, हे दाणा घालण्याआधी पाहायचे असते. घोड्याला ओकता येत नाही आणि त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते, त्यामुळे पोटशूळ झाला तर तो जिवावर बेतू शकतो. जो घोडा पुन्हापुन्हा पोटाकडे वळून बघतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, लोळतो आणि खाणे सोडतो, त्याच्यासाठी पशुवैद्याला लगेच फोन करायचा असतो. घरगुती औषध शोधत बसण्याची ती वेळ नसते.

शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६ आणि अंगाचे तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. हे आकडे पाठ करण्यापेक्षा पहिल्याच आठवड्यात प्रत्येक घोड्याचे स्वतःचे आकडे वहीत लिहून ठेवा. नाडी जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला, बोटांच्या पेरांनी हलके चाचपली की सापडते. अंगठ्याने पाहू नये, कारण त्यात आपलेच ठोके लागतात. वरचा ओठ उचलून हिरडीवर बोट दाबा आणि सोडा. पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे.

दाणावैरणीत कोकणाची एक अडचण आहे. इथे भाताचा पेंढा मुबलक, पण त्यात पोषण फार कमी, आणि केवळ त्यावर घोडा पोसता येत नाही. सुके गवत, घाटावरून येणारा लसूणघास, थोडा कोंडा आणि चंदी (घोड्याचा दाणा) असा मेळ घालावा लागतो. वैरण रोज निदान शरीराच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के लागते, म्हणजे ३५० किलोच्या घोड्याला पाच ते सात किलो सुका चारा. ती थोडी थोडी करून दिवसभर द्यायची. चारा किंवा चंदी बदलायची झाल्यास आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला. पाणी रोज २५ ते ४५ लिटर लागते आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग थंडही होत नाही. कामानंतर अंगावर पाणी ओतायचे, ते पट्टीने निपटायचे आणि पुन्हा ओतायचे, असे श्वास खाली येईपर्यंत करतात. केंद्र सरकारच्या १९६५ च्या नियमांनुसार, जिथे तापमान ३७ अंशांच्या वर जाते तिथे ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांना दुपारी १२ ते ३ कामाला लावता येत नाही आणि काटेरी लगाम वापरणे निषिद्ध आहे. तबेल्यात असा लगाम टांगलेला दिसला, तर त्या ठिकाणी शिकायचे की नाही याचा निर्णय तिथेच घ्यावा.

घोडमाश्यांकडेही लक्ष हवे. त्यांच्या चाव्यातून सर्रा हा रक्तातला रोग पसरतो. ताप येतो-जातो, घोडा खंगत जातो, पोटाखाली आणि पायांवर सूज दिसते, आणि खात्री रक्त तपासूनच होते. नाकातून चिकट स्राव आणि त्वचेवर गाठी दिसल्या तर ग्लँडर्सची शंका घ्यावी. तो माणसालाही होतो आणि त्याची खबर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला देणे बंधनकारक आहे. तुम्ही स्वतः धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊनच तबेल्यात पाऊल टाका.

वयाने मोठ्या मोतद्दाराला (घोड्यांची निगा राखणाऱ्याला) अलिबाग-मुरूडकडे कोणी काका म्हणते, कोणी चाचा. त्याने टॉम डॉरन्सचे नाव ऐकलेले नसेल, पण घोडीने एक पाय किंचित उचलून धरला आहे हे तो तबेल्याच्या दारातून पाहतो. ‘चाचा, हिचा पाय बघता का?’ असे विचारले की बहुधा उत्तर येते, ‘आधी तू हात लाव, दोन्ही पायांना लाव, कोणता गरम लागतो ते सांग.’ याहून चांगला पाठ कोणत्याही कार्यशाळेत मिळत नाही. त्याच्या सगळ्याच सवयी उचलाव्यात असे नाही, पण त्याला शिकवायला जाण्याआधी एक हंगाम गप्प बसावे.

जमिनीवरचे शिक्षण

पहिले कित्येक आठवडे खोगिराचा विचार सोडून द्या. घोड्याकडे खांद्याच्या रोखाने, तिरके, आवाज देत जायचे. मोरखी (तोंडावर चढवायची दोरी) घालताना ती त्याच्या तोंडावर लादायची नाही. उघडी धरायची आणि त्याने नाक आत घालेपर्यंत थांबायचे. सुरुवातीला हा पाठ कंटाळवाणा वाटतो, आणि पुढे यावरूनच कोण शिकले ते कळते.

मागे सरकवण्याचा पाठ घ्या. घोड्यासमोर थोडे बाजूला उभे राहा आणि मोरखीचा दोर हनुवटीखाली धरून दोन बोटांइतक्या जोराने मागे दाबा. तो मान वर करील, कदाचित उलट तुमच्याकडे रेटील. तेवढाच दाब कायम ठेवा. ओढू नका, झटके देऊ नका. गरज पडली तर हळूहळू वाढवा. पाऊल मागे पडण्याआधी छातीचे वजन किंचित मागे जाते, आणि ढील त्याच क्षणी द्यायची, पाऊल पडल्यावर नव्हे. मग काही सेकंद काहीच करू नका. तो मान खाली सोडतो, डोळे मिचकावतो, जीभ-ओठ हलवून चघळल्यासारखे करतो. म्हणजे ताण उतरला. तेव्हाच पुन्हा मागा. दर वेळी कमी दाबात काम होऊ लागले तर तुमची वेळ बरोबर आहे, आणि दर वेळी जास्त जोर लागत असेल तर ढील उशिरा पडते आहे. पुठ्ठा (मागचा भाग) बाजूला सरकवणे, मान वळवणे, दोरावर सैल चालणे हे पुढचे पाठ याच तत्त्वावर चालतात.

कोकणात घोडा बुजतो तो छत्रीला, वाऱ्यावर फडफडणाऱ्या ताडपत्रीला, पुळणीवर वाळत टाकलेल्या जाळ्यांना आणि लाटांच्या फेसाला. त्याला ओढत त्या वस्तूपर्यंत नेऊ नये. जिथून तो ती वस्तू पाहतो पण पळत नाही, तिथे थांबावे, तो सैल पडला की स्वतः वस्तूपासून दूर न्यावे आणि मग थोडे अधिक जवळ यावे.

दोर हाताभोवती कधीही गुंडाळू नका. पायांजवळ गुडघे टेकून बसू नका, कानात इअरफोन नको, टाच असलेले बूट आणि हेल्मेट हवेच. बांधताना एका ओढीत सुटणारी गाठ घाला.

पुळणीवर

पुळणीवरचे काम ओहोटीला, ओल्या कठीण वाळूवर करायचे. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततात आणि पायांच्या स्नायूंवर आणि कंडरांवर ताण येतो, त्यामुळे तिथे फक्त चालवावे. किनाऱ्यावरचे जुने लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती, म्हणजे सकाळच्या पाठाला पुळण मिळणार नाही. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी आणि मध्यरात्रीकडे जाते आणि सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास लांबवर ओली वाळू उघडी पडते. घोड्याच्या वेळापत्रकाला याहून सोयीची तिथी नाही. परतल्यावर पाय आणि पोटाखालचा भाग गोड्या पाण्याने धुवायचा.

वाळूवर वैरण टाकू नका. चाऱ्याबरोबर गेलेली वाळू आतड्यात साठून पोटशूळ होतो. शंका आल्यास पाच-सहा लिदीचे गोळे बादलीभर पाण्यात कालवून ठेवावेत आणि तळाशी वाळू बसते का, हे बोटाने चाचपावे. बसली तर पशुवैद्याला सांगावे.

स्वारी यानंतर येते आणि जमिनीवरचे काम नीट झाले असेल तर तिच्यात फारसे नवे नसते. मांड पक्की होईपर्यंत लगामाला लटकू नये, आणि टाचेचा दाबही त्याच नियमाने सोडावा.

इंटर्नशिप संपताना कोणती कामे केली आणि किती घोडे स्वतंत्रपणे सांभाळले, याचे पत्र मालकाकडून घ्या. पुढे दुसरीकडे जाताना नुसत्या प्रमाणपत्रापेक्षा ते उपयोगी पडते. लगेच स्वतःचा घोडा घेण्याचा मोह मात्र आवरा. एकटा घोडा खूश राहत नाही, निदान दुसऱ्या एखाद्या जनावराची सोबत लागते. घोडा पाहणारा पशुवैद्य तुमच्या गावी किती वेळात पोचतो, हे फोन करून विचारा. खूर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी कापावे लागतात आणि किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांत नालबंद बाहेरून बोलवावा लागतो, तेव्हा आसपासच्या दोन-तीन मालकांशी बोलून त्याला एकाच दिवशी बोलावण्याची व्यवस्था घोडा आणण्याआधीच करून ठेवा.