ॲपमधल्या एकाच बटणावर टॅप पण हवाय आणि लाँग प्रेस (दाबून धरणं) पण? आधी हे वाचा

पहिलं म्हणजे स्वतःचा टायमर लिहायला बसू नका. मी बसलो होतो. बोट टेकलं की वेळ नोंदवायची, उचललं की वजाबाकी, अर्ध्या सेकंदाच्या वर गेलं तर लाँग प्रेस, एवढंच तर आहे असं वाटलेलं. मग कोणीतरी लिस्टवर बोट जरा टेकवून हळूच स्क्रोल केलं आणि थेट डिलीटचा डायलॉग समोर, कारण स्क्रोल सुरू झाला की सिस्टीम बटणाला कॅन्सल पाठवते आणि तो कॅन्सल मी बोट उचलल्यासारखाच धरला होता. शिवाय लाँग प्रेस हा बोट खाली असतानाच लागायला हवा, माझ्याकडे उचलेपर्यंत काहीच हलत नव्हतं, माणूस आपला दाबून बसलाय.

अँड्रॉइडवर सरळ दोन लिसनर (ठरावीक घटना घडली की चालणारा कोड) लावा, ऑनक्लिक आणि ऑनलाँगक्लिक. खरी गोम दुसऱ्यात आहे, तो ट्रू किंवा फॉल्स परत करतो. फॉल्स दिलं तर लाँग प्रेसचा तुमचा मेनू उघडतो आणि बोट उचललं की वर क्लिकही होतो, मग दोन्ही कामं एकदम झाली म्हणून लोक तासभर डोकं धरून बसतात. काम झालं असेल तर ट्रू द्या, विषय संपला, आणि हलकं व्हायब्रेशनही आपोआप मिळतं. किती वेळ दाबायचं हा आकडा कोडमध्ये ठोकून लिहू नका, ज्यांची बोटं थरथरतात किंवा सावकाश चालतात ते ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ही वेळ वाढवून ठेवतात, तयार लिसनर ती पाळतो, तुमचा 500 मिलिसेकंद पाळणार नाही. कंपोज (अँड्रॉइडचे स्क्रीन बनवायचं टूलकिट) वापरत असाल तर कंबाइंडक्लिकेबल बघा.

आयफोनवर लाँग प्रेसचा रेकग्नायझर (दाबणं ओळखणारा तयार घटक) डिफॉल्टला 0.5 सेकंद थांबतो आणि तेवढ्यात बोट 10 पॉइंटपेक्षा (स्क्रीनवरच्या अंतराचं माप) जास्त सरकलं तर सोडून देतो. इथला फटका वेगळा, तुमचं फंक्शन एकदाच बोलावलं जात नाही, सुरू झालं तेव्हा, बोट हललं की परत, उचललं की परत, त्यामुळे स्टेट बिगॅन (म्हणजे लाँग प्रेस नुकताच सुरू झालाय) आहे का ते तपासूनच काम करा नाहीतर अलर्ट दोनदा येतो.

फ्लटरमध्ये (एकाच कोडमधून दोन्ही फोनांची ॲप बनवायचं साधन) जेस्चरडिटेक्टरला ऑनटॅप आणि ऑनलाँगप्रेस दोन्ही द्या, कोण जिंकलं ते तोच ठरवतो. रिॲक्ट नेटिव्ह हे असंच दुसरं साधन, त्यात प्रेसेबल, बाकी तसंच.

टेस्ट करताना पटकन टॅप आणि निवांत दाबणं एवढ्यावर थांबू नका, दाबून बोट बटणाबाहेर न्या, दाबता दाबता स्क्रोल करा, दोन बोटांनी दाबा. आणि माझं मत, डिलीटसारखं काम फक्त लाँग प्रेसमागे लपवू नका, तिथे काही आहे हे बघून कळतच नाही कोणाला, तेच काम तीन टिंबांच्या मेनूतही ठेवा.