मधमाशीतून निघालेल्या माशीला नाव द्यायचं तर

मेलेली मधमाशी फेकू नका; तिच्या अंगात दुसऱ्याच माशीची अळी वाढत असू शकते. निफाडला कांद्याच्या डेंगळ्यांजवळ माझ्या सातेरीच्या, म्हणजे देशी मधमाशीच्या, पेट्या असतात. पेटीखाली मरून पडलेल्या मधमाश्या मी काचेच्या बरणीत ठेवतो, तोंडाला मलमलीचं फडकं बांधून, वर तारीख टाकून. आठवड्याभरात मानेच्या सांध्यातून पांढरी अळी सरकत बाहेर आली, तिचा तपकिरी कोष झाला, तर बरणी हलवू नका. माशी बाहेर पडायला कित्येक आठवडे लागू शकतात. अमेरिकेत ‘अपोसेफॅलस बोरिआलिस’ ही परजीवी माशी मधमाशीवर जगते हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. ती माशी मात्र १९२४ पासून माहीत होती! म्हणून नवं नाव देण्याआधी जुनी वर्णनं ताडून पाहा.

माशी, रिकामा कोष आणि ती मधमाशी, तिन्ही ९५ टक्के अल्कोहोलमध्ये एकत्र ठेवा. चिठ्ठी पेन्सिलीनंच लिहा. माझी शाईची चिठ्ठी विरघळली. गाव-तारीख गेली, नमुना वाया गेला. अजून हळहळ वाटते.

जात बहुतेकदा नराच्या जननेंद्रियांवरून ओळखू येते, तेव्हा एका मादीवर घाई करू नका. फरक पक्का झाला की एकच नमुना ‘होलोटाइप’ (नव्या नावाचा आधार ठरणारा नमुना) म्हणून निवडायचा आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला हे वर्णनातच लिहायचं. आपल्याला जवळचं म्हणजे पुण्यात आकुर्डीला असलेलं भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र.