सीट मागेपुढे करताना अडकते? ट्रॅकचे रोलर घरीच बदला

जुन्या गाडीची सीट एका बाजूने सरकते, दुसऱ्या बाजूने अडते आणि वळणावर हलकी डुलते, तर बहुतेक वेळा ट्रॅकमधले, म्हणजे सीटखालच्या सरकत्या रेलमधले, रोलर घासून चपटे झालेले असतात. ठाण्यात हे जरा जास्तच होतं कारण पावसाळ्यात ओल्या चपलांचं पाणी थेट रेलमध्ये जातं आणि घोडबंदरला मेट्रोच्या कामाची धूळ तर रोजचीच, दोन्ही मिळून ग्रीसचा चिखल होतो. गॅरेजवाले लगेच अख्खा ट्रॅक बदला म्हणतात, पण रेल सरळ असेल आणि लॉकचे दात शाबूत असतील तर त्याची गरज नाही.

सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला तर एअरबॅग किंवा बेल्टच्या टेन्शनरची (धडकेत बेल्ट आवळणाऱ्या भागाची) वायर आहे असं समजा. इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढा, दहाएक मिनिटं थांबा आणि मगच कनेक्टर सोडवा. तो सुटा असताना इग्निशन अजिबात ऑन करू नका.

आता सीट पूर्ण मागे करून पुढचे बोल्ट काढा, मग पूर्ण पुढे घेऊन मागचे. गंज असेल तर आदल्या रात्री डब्ल्यूडी फॉर्टी मारून ठेवा, घाईत बोल्टचं डोकं गोल झालं की सगळा दिवस गेला. बोल्ट जपून ठेवा, तेच परत लावायचेत, हार्डवेअरच्या दुकानातले साधे बोल्ट इथे चालत नाहीत.

सीट उलटी करून जुन्या चादरीवर ठेवा आणि रेल सरकवायच्या आधी फोटो काढा, कारण रोलर आणि स्टीलच्या गोळ्या कुठल्या क्रमाने बसल्यात ते नंतर आठवत नाही. रेल हळू ओढा, गोळ्या टपाटप पडतात. रेलच्या टोकाला पत्रा वाकवून स्टॉपर केलेला असेल तर तो सारखा सरळ-वाकडा करू नका, तडा जातो.

रेल रॉकेलने धुवा, वायर ब्रश मारा, कोरडी करा. गोळ्या बेअरिंगच्या दुकानात मापाने मिळतात. प्लास्टिकचे रोलर मिळाले नाहीत तर सगळ्यात कमी घासलेला रोलर घेऊन वागळे इस्टेट किंवा रबाळ्याच्या एखाद्या लेथवाल्याकडे जा. व्हर्नियरने सगळ्यात जाड जागेचं माप घ्या आणि नायलॉन नको, डेल्रिन (एक कडक प्लास्टिक) मागा. नायलॉन ओलावा पिऊन फुगतं, आपल्या हवेत ते जूनमध्ये छान चालेल आणि ऑगस्टमध्ये अडेल. आधी एकच करून घ्या, रेलमध्ये बसवून बघा, न अडता फिरला तरच बाकीचे करायला सांगा.

बसवताना व्हाइट लिथियम ग्रीसचा पातळ थर पुरे, इंजिन ऑइल नको, धूळ धरतं. दोन्ही रेल एकाच दातावर लॉक करा, नाहीतर सीट तिरकी बसेल. चारही बोल्ट आधी हाताने धरवून मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा.

शेवटी लॉक तपासा, ही पायरी टाळूच नका. प्रत्येक दातावर सीट लॉक करून बसा, पाय रोवून पाठीने जोरात ढकला, दोन्ही बाजूंचा खटका पडलेला ऐकू आला पाहिजे. एक बाजू जरी सुटली तर लॉकच्या केबलचा ताण आणि स्प्रिंग बघा, आणि दातच झिजलेले असतील तर रोलर कितीही नवे असोत, ती रेल बदलायचीच. ब्रेक मारताना सीट सरकली तर पाय पेडलवरून सुटतो, म्हणून तोवर गाडी बाहेर काढू नका.