इनसाइड पॅसेजवर छोटी मोटरबोट : या चुका टाळा

व्हँकुव्हरहून उत्तरेला, अलास्कातल्या केचिकनपर्यंत बेटांच्या आडोशाने जाणारा पाचशेहून जास्त सागरी मैलांचा जलमार्ग म्हणजे इनसाइड पॅसेज. क्रूझ जहाजं इथून जातात, मासेमारीच्या बोटी जातात आणि वीस-बावीस फुटी, मागे लावलेल्या एका आउटबोर्ड इंजिनाची बोटही जाऊ शकते. फक्त तिला घाई करून चालत नाही. इथे अडचणीत आलेल्यांच्या गोष्टींत वादळ क्वचितच असतं, बहुतेक वेळा असते ती संपत आलेली सुट्टी. सोमवारी कामावर हजर व्हायचं म्हणून शनिवारी निघायला नको असताना निघालेले असतात. खालच्या बऱ्याच चुकांचं मूळ तेच आहे.

केप कॉशनची तारीख आधीच ठरवणं

व्हँकुव्हर बेटाचं उत्तर टोक मागे पडलं की आडोसा संपतो आणि क्वीन शार्लट साउंडमध्ये थेट पॅसिफिकच्या लाटा येतात. या टप्प्यातल्या भूशिराला जॉर्ज व्हँकुव्हरने १७९३ मध्ये केप कॉशन हे नाव दिलं. आदल्याच वर्षी त्याचं डिस्कव्हरी जहाज या भागात खडकावर चढलं होतं. घरी बसून केलेल्या आराखड्यात "चौदा तारखेला केप कॉशन" असं लिहिलेलं असतं आणि मग चौदाला समुद्र कसाही असला तरी बोट निघते. त्याऐवजी व्हँकुव्हर बेटाच्या उत्तर टोकाजवळच्या पोर्ट हार्डीला दोन-तीन दिवस हाताशी ठेवा.

निर्णय कशावर घ्यायचा? बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओच्या हवामान चॅनलवर एन्व्हायर्न्मेंट कॅनडा या सरकारी खात्याचा अंदाज चोवीस तास चालू असतो. त्याच्या जोडीला पाइन आयलंड आणि एग आयलंडच्या दीपगृहांवरून आलेली ताजी निरीक्षणं असतात. ब्रिटिश कोलंबियात अजूनही माणसं राहत असलेली दीपगृहं आहेत आणि छोट्या बोटीसाठी त्यांच्याइतका भरवशाचा स्रोत दुसरा नाही, असं माझं मत आहे. अंदाज पुढचं सांगतो, दीपगृहाचा रखवालदार खिडकीतून दिसतंय ते सांगतो. तिसरी गोष्ट वेस्ट सी ऑटर या लाटा मोजणाऱ्या तरंगत्या बोयाचे आकडे. इथे लोक लाटेची उंची वाचतात आणि दोन लाटांमधलं अंतर सोडून देतात. दोन मीटरची लाट बारा सेकंदांनी येत असेल, तर बोट सावकाश चढते आणि सावकाश उतरते. तीच सहा सेकंदांनी येत असेल, तर नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, प्रत्येक लाटेवर आपटते आणि वेग पाच-सहा नॉट्सवर (ताशी सागरी मैलांवर) येतो.

उन्हाळ्यात दुपारनंतर वायव्येचा वारा वाढतो, म्हणून पहाटे निघा. भूशिराच्या दक्षिणेला स्लिंग्सबी चॅनलचं तोंड आहे. ओहोटीला तिथून जोराने बाहेर पडणारं पाणी समोरून येणाऱ्या समुद्राच्या लाटांना भिडतं आणि लाटा उभ्या राहतात. ओहोटी चालू असताना त्या तोंडापासून लांबून जा. व्हँकुव्हर बेटाच्या ईशान्य किनाऱ्यालगतच्या जॉन्स्टन सामुद्रधुनीतही हाच प्रकार होतो. तिथे ओहोटी वायव्येकडे वाहते आणि वारा वायव्येकडून येतो.

भरतीचं कोष्टक अर्धवट वाचणं

मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं, ते आपल्याला खूप वाटतं. अलास्काच्या सरहद्दीजवळच्या प्रिन्स रूपर्टला ते सात मीटरच्याही वर जातं. एवढं पाणी अरुंद वाटांमधून दिवसातून चार वेळा ये-जा करतं. व्हँकुव्हर बेटावरच्या कॅम्बेल रिव्हर गावाजवळच्या सीमूर नॅरोज या अरुंद वाटेत प्रवाहाचा वेग १५ नॉट्सपर्यंत पोहोचतो. तिथल्या रिपल रॉक खडकाने इतकी जहाजं फोडली की शेवटी ५ एप्रिल १९५८ रोजी पाण्याखालून बोगदा खणून आणि स्फोटकं भरून त्याचा माथा उडवावा लागला. खडक गेला, प्रवाह तसाच आहे.

"माझी बोट पंचवीस नॉट्स पळते, मला काय फरक पडतो?" असं म्हणणारे भेटतात. नुसत्या वेगाने तिथे निभावत नाही. भोवऱ्याच्या कडेला छोटी बोट अचानक फिरते आणि सुकाणू हातात असून नसल्यासारखं होतं. प्रवाह थांबण्याच्या वेळेलाच पार व्हा. मात्र ही वेळ भरतीच्या कोष्टकातून काढू नका. उंचीचं कोष्टक वेगळं, प्रवाहाचं वेगळं. अरुंद वाटेत पाणी सगळ्यात वर आलेलं असताना प्रवाह जोरात वाहत असू शकतो.

वेळेचा घोळही होतो. कॅनडाची छापील कोष्टकं पॅसिफिक प्रमाणवेळेत असतात, उन्हाळ्यात त्यांत एक तास मिळवावा लागतो. अलास्काचं घड्याळ पॅसिफिकपेक्षा एक तास मागे. कॅनडाचे नकाशे मीटरमध्ये, अमेरिकेच्या नकाशांत फूट किंवा फॅदम (सहा फूट). खोली जिथून मोजतात ती पातळीही दोन देशांत वेगळी आहे. कॅनडा जवळजवळ सर्वांत खालच्या ओहोटीपासून मोजतो, अमेरिका रोजच्या खालच्या ओहोटीच्या सरासरीपासून. त्यामुळे अलास्कात उधाणाच्या ओहोटीला पाणी नकाशातल्या आकड्यापेक्षाही कमी असू शकतं. अ‍ॅप वापरत असाल तर ते कोणती वेळ दाखवतंय, हे निघण्यापूर्वी एकदा तपासा.

नांगराला दोरी कमी देणं

समजा संध्याकाळी ओहोटीच्या शेवटी सहा मीटर पाण्यात नांगर टाकला. तीस मीटर दोरी सोडली, म्हणजे पाचपट, सगळं छान. रात्री पाणी सहा मीटर चढलं. आता खोली बारा मीटर, त्यात पाण्यापासून नाळेची उंची एक मीटर. तीस मीटर दोरी म्हणजे जेमतेम सव्वादोन पट. नांगर आडवा राहून तळात रुतण्याऐवजी वर उचलला जातो आणि रात्री दोन वाजता बोट सरकू लागते. इथे किमान पासष्ट मीटर हवी होती. बोटीबरोबर मिळणारी दोरी बहुधा इतकी नसते, म्हणून घरूनच जास्तीची दोरी आणि साखळी घेऊन निघा.

उलटी चूकही तितकीच होते. भरतीला पाच मीटर पाणी बघून नांगर टाकला आणि पहाटे बोट दगडांवर कललेली. नांगर टाकायच्या आधी तीन आकडे कागदावर लिहा : आत्ताची उंची, रात्रीची सर्वांत वरची, सर्वांत खालची. तळावर केल्प नावाचं दाट समुद्री शेवाळ असेल, तर नांगर त्यात अडकल्यासारखा वाटतो आणि जोर आला की गठ्ठ्यासकट सुटतो. इंजिन रिव्हर्समध्ये घालून ताण द्या आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून बोट हलत नाही ना, ते बघा.

इंधनाचा हिशेब घरच्या वेगावर करणं

पोर्ट हार्डीनंतर शिअरवॉटर, क्लेमटू, हार्टली बे, प्रिन्स रूपर्ट ही इंधनाची मुख्य ठिकाणं. त्यांतली काही लहान गावं आहेत, पंपाच्या वेळा मर्यादित असतात, म्हणून आधी फोन करून खात्री करून घ्या. सपाट पाण्यात मैलाला लागणारं पेट्रोल समोरच्या लाटांत कितीतरी वाढतं. जाण्यासाठी एक तृतीयांश, परतण्यासाठी एक तृतीयांश आणि उरलेलं राखीव, हा जुना नियम इथे तंतोतंत पाळा.

इंजिन धाप टाकू लागलं तर

आधी इंधनाच्या नळीवरचा रबरी फुगा हातात घ्या. तो चिपाडासारखा चपटा होऊन तसाच राहत असेल, तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिलेला असतो, ही सगळ्यात नेहमीची गोष्ट. कितीही दाबला तरी फुगा मऊच राहत असेल, तर नळीला कुठेतरी हवा लागते आहे, दोन्ही टोकांचे जोड तपासा. फुगा कडक आहे आणि तरी इंजिन चालत नाही, तर दोष पुढे, इंजिनाकडे आहे. फिल्टरच्या पारदर्शक वाटीत तळाशी पाणी साचलेलं दिसतं, ते काढून टाका.

इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची बारीक धार थांबली, तर लगेच बंद करा. इंजिन वर उचलून खालच्या जाळीत अडकलेलं केल्प किंवा प्लास्टिक काढा, धारेच्या भोकात बारीक तार घाला. तरीही धार नाही, तर पाणी फेकणारं रबरी चक्र गेलेलं असण्याची शक्यता जास्त. ते सुटं जवळ ठेवा आणि बदलायचं कसं, ते अंगणात एकदा करून बघा.

नांगर टाकून दुरुस्ती करू, या भरवशावर राहू नका. इथले कडे सरळ पाण्यात उतरतात, किनाऱ्याच्या अगदी जवळही शंभर-दोनशे मीटर खोली असते. म्हणून दुसरं छोटं इंजिन हवंच, आणि ते दर दोन-तीन दिवसांनी चालवून बघितलेलं हवं.

पडद्याकडे बघत चालणं

लाकूडतोडीतून सुटलेले ओंडके या समुद्रावर सगळीकडे तरंगतात. उधाणाच्या भरतीनंतर किनाऱ्यावरचेही सुटून येतात. सर्वांत वाईट ते पाणी पिऊन उभे झालेले, ज्यांचं फक्त टोक दिसतं. रडारवर ते येत नाहीत. रात्री चालू नका, आणि दिवसाही एक जण समोर बघत राहू द्या.

२१-२२ मार्च २००६ च्या रात्री क्वीन ऑफ द नॉर्थ ही मोठी प्रवासी फेरीबोट ग्रेनव्हिल चॅनलमधून बाहेर पडली, वळायच्या ठिकाणी वळली नाही आणि गिल बेटावर आदळून बुडाली. १०१ जणांपैकी दोघं सापडली नाहीत. हार्टली बेचे गावकरी अंधारात आपल्या छोट्या बोटी घेऊन धावले होते. मोबाइलला रेंज नाही, डोंगरांमुळे व्हीएचएफही काही ठिकाणी पोहोचत नाही, त्यामुळे मदतीला सगळ्यात आधी कोण येईल हे आजही असंच ठरतं. संकटात उपग्रहाकडे इशारा पाठवणारं ४०६ मेगाहर्ट्झचं बीकन अंगावर असू द्या. पाणी उन्हाळ्यातही दहा-बारा अंशांच्या आसपास असतं. पडल्यावर पहिलं मिनिट श्वास सावरण्यात जातं, हातपाय कामाचे राहतात ते साधारण दहाच मिनिटं. लाइफजॅकेट बाकाखाली नको, अंगावर हवं.

तिसऱ्या-शिंपले दिसले म्हणून वेचणं

कोकणातल्या माणसाला हे सांगणं जिवावर येतं, पण सांगतोच. ओहोटीला वाळूत तिसऱ्यांसारखे शिंपले ढिगाने मिळतात, कालवं खडकाला लगडलेली असतात. त्यांत सूक्ष्म शैवालापासून आलेलं विष असू शकतं. ते शिजवून जात नाही, गोठवून जात नाही, चवीला कळत नाही. बटर क्लॅम जातीत तर ते वर्ष-दोन वर्षंही टिकतं. आधी ओठांना आणि बोटांना झिणझिण्या येतात, पुढे श्वासाचे स्नायू बंद पडू शकतात. त्यावर उतारा नाही. उत्तरेकडच्या बऱ्याच किनाऱ्यांची तपासणीच होत नाही, म्हणून तिथे शिंपले वेचायला बंदी असते. परवाना घेऊन मासे पकडा, शिंपले राहू द्या.

सरहद्द शेवटच्या दिवसावर सोडणं

प्रिन्स रूपर्टनंतर डिक्सन एंट्रन्स, पुन्हा उघडा समुद्र, आणि पलीकडे अमेरिका. भारतीय पासपोर्ट असेल तर अमेरिकेचा वैध व्हिसा आणि कॅनडात परतण्याचे कागद, दोन्ही बोटीवर हवेत. अमेरिकेत प्रवेशाची नोंद केचिकनला होते आणि त्याआधी कुठेही जमिनीवर पाय ठेवता येत नाही. एका दिवसात तिथवर पोहोचणं जमणार नसेल, तर वाटेतल्या फॉगी बेमध्ये रात्री नांगर टाकण्यासाठी केचिकनच्या कस्टम्स कार्यालयाची आगाऊ परवानगी लागते. तो फोन प्रिन्स रूपर्टच्या धक्क्यावरूनच करा, पुढे रेंज नसते.