पावसाळ्यात काजूबी बुरसण्यावर सापडलेला उपाय

आजऱ्याकडे पाऊस लागला की आमच्या पोत्यांतील काजूबी बुरसू लागे. टरफल वरून ठीक दिसे, परंतु फोडल्यावर गर काळसर निघे आणि त्याला कुबट वास येई. पोती बदलली, प्लास्टिकच्या पिशव्या वापरल्या, कडुनिंबाचा पाला घातला, तरी फरक पडला नाही. वेचून आणलेला माल असा वाया जाताना जीव तुटत असे.

मूळ कारण बीमधील ओलावा होते. साठवणीपूर्वी तो साधारण ८ ते ९ टक्क्यांपर्यंत उतरावा लागतो. पिकून आपोआप गळलेलीच बोंडे वेचावीत आणि त्याच दिवशी बी वेगळे करावे, कारण चिकटलेल्या रसावर बुरशी लवकर धरते. नंतर सिमेंटच्या खळ्यावर पातळ थर पसरून दोन ते तीन दिवस कडक ऊन द्यावे, अधूनमधून उलथावे आणि संध्याकाळी ढीग करून झाकावे. एप्रिल-मे महिन्यांत वळीव दुपारनंतर अचानक येतो, म्हणून ताडपत्री जवळच असावी. टरफलात नख रुतेनासे झाले आणि बी हलवल्यावर खुळखुळले की ते वाळले, असे समजावे.

यापुढील टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: गरम बी लगेच भरू नये. सावलीत पूर्ण निवल्यावरच ते तागाच्या पोत्यांत भरावे, अन्यथा आत घाम सुटतो. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत.