नामशेष वाफेचं इंजिन नव्यानं बांधताय? या चुका टाळा

उद्यमनगरात कुठलाही पार्ट दाखवून "होईल का?" विचारा, उत्तर एकच : "न व्हायला काय झालं!" ते खरंही आहे, ओतकामात कोल्हापूर कुणाला ऐकत नाही. वाफेच्या इंजिनात घोडं पेंड खातं ते भट्टीपाशी नाही, मापापाशी.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे संग्रहालयातल्या इंजिनाचा सिलिंडर मोजून तेच आकडे पॅटर्नवाल्याच्या, म्हणजे ओतकामाचा नमुना बनवणाऱ्याच्या, हातात देणं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, निवताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आकसतं, पोलाद त्याच्या जवळपास दुप्पट. तेवढं पॅटर्नमध्ये वाढवून धरायचं, मशीनिंगसाठी वेगळं सोडायचं, हे इथल्या शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. फसगत होते ती दुसरीकडेच. जुना सिलिंडर झिजल्यावर पुन्हा पुन्हा बोअर केलेला, म्हणजे आतून कापून मोठा केलेला, असतो. आज मोजलेला व्यास मूळचा नसतोच. आधी ड्रॉइंग शोधा. नाहीच मिळालं, तर झिजलेल्या पृष्ठभागांपेक्षा सेंटर ते सेंटर अंतरांवर विसंबा.

ड्रॉइंग मिळालं की मग ते देव्हाऱ्यात ठेवतात! ब्रिटनच्या पी-२ वर्गाची सहाही वाफेची इंजिनं १९४३-४४ मध्ये मोडतोड करून दुसऱ्या रूपात बांधली गेली. चाकं फिरवणारे त्यांचे क्रँक अॅक्सल तुटत असत. आता नव्यानं बांधताना तो अॅक्सल मुद्दाम बदललाय. २००८ साली पूर्ण झालेल्या 'टॉर्नेडो' या ब्रिटनच्याच नव्या वाफेच्या इंजिनाचा बॉयलरही रिव्हेटचा न करता वेल्डिंगचा केला. नकलेच्या हट्टापायी जुना दोष पुन्हा ओतायचा, याला काय म्हणावं?

बॉयलर इन्स्पेक्टरला ड्रॉइंग दाखवल्याशिवाय प्लेट कापू नका. एवढंच.

आणि गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर! १८९१ ची कोल्हापूर–मिरज लाईन मीटर गेजची होती, आज ती १६७६ मिलिमीटरची ब्रॉडगेज आहे. त्या काळचं इंजिन हुबेहूब बांधलंत, तर रूळही तुम्हालाच टाकावे लागतील.

इंजिन वाफेवर आलं की चाकाच्या एका फेऱ्यात 'छुक' मोजा. दोन सिलिंडरच्या इंजिनाला चार हवेत, सारख्या अंतरानं. एखादा लंगडत असेल तर लगेच सिलिंडरवर खापर फोडू नका. सिलिंडरमध्ये वाफ सोडणारा व्हॉल्व्ह इंजिन थंड असताना लावलेला असतो. तापल्यावर रॉड वाढतो आणि सेटिंग सरकतं. गरम अवस्थेत पुन्हा तपासा. आवाज सारखा आहे पण वाफ पुरत नाही, असं झालं तर स्मोकबॉक्स, म्हणजे चिमणीखालचा धुराचा कप्पा, उघडून ओळंबा सोडा : वापरलेली वाफ चिमणीत सोडणारा ब्लास्ट पाइप चिमणीच्या नेमका मध्याखाली नसला, तर ड्राफ्ट, म्हणजे आगीला लागणारी हवेची ओढ, बसत नाही आणि फायरमन उगाच कोळसा ओतत राहतो.