बालसंस्कार वर्ग पाहायला बोलावलं तर

देवस्थानच्या सभामंडपात रविवारी सकाळी मुलांचा वर्ग भरतो. समितीचं कुणीतरी म्हणतं, ‘टीचर, एकदा येऊन बघा आणि कसा चाललाय ते सांगा.’ गेलात, तर पुढे मांडून ठेवलेली खुर्ची आधी नाकारा. मागे, चपला काढतात त्या बाजूला, मुलांच्या ओळीत सतरंजीवर बसा. गुडघे कुरकुरत असतील तर खांबाला टेका. पुढून नुसती तोंडपाठ म्हणणारी मुलं दिसतात. आवाज न काढता ओठ तेवढे हलवणारी दिसायला मागेच बसावं लागतं.

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात मी ३१ वर्षं मराठी प्राथमिक शाळेत शिकवलं. तिथं हा विषय नव्हताच. संविधानाच्या २८व्या कलमाप्रमाणे सगळा खर्च सरकार करतं त्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून हे वर्ग देवळात भरतात. तिथं भागशिक्षणाधिकारी तपासायला येत नाही, परीक्षा नाही, निकालपत्र नाही. शिकवणाऱ्या ताई बहुतेक फुकट शिकवतात, त्यामुळे त्यांना कुणी काही बोलतही नाही. तुमच्या पाहण्याला वजन येतं ते यामुळे.

वर्ग सुरू व्हायच्या आधी ताईंना एकच विचारा: आज मुलं घरी काय घेऊन जाणार? ‘पसायदान’ असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा, पसायदानातलं काय? त्यात नऊ ओव्या आहेत. एका रविवारात एक ओवी नीट पोचली तरी मी तो वर्ग चांगला म्हणेन. ताईंनी जे सांगितलं ते वहीत वर लिहून ठेवा. पुढचं सगळं त्याच्याशी ताडून पाहायचं आहे, तुमच्या आवडीनिवडीशी नव्हे.

मग पानाचे दोन भाग करा. एकीकडे ताईंनी विचारलेले प्रश्न, दुसरीकडे मुलांनी विचारलेले. घड्याळही बघा. एकदा चाळीस मिनिटांच्या वर्गात मुलांच्या बाजूला मी एकच प्रश्न लिहिला होता, ‘पाणी पिऊन येऊ?’ तेव्हा मात्र मी त्या वर्गाचं तोंड भरून कौतुक करून आले. एका मुलीने मनाचे चाळीस श्लोक न अडखळता म्हटले होते आणि मी त्यातच विरघळले. एकूण श्लोक २०५, म्हणजे वर्षात सगळे होतील, असा हिशेबसुद्धा तिथं बसून केला. त्या मुलीला एका तरी श्लोकाचा अर्थ विचारावा हे सुचलं नाही. ही चूक तुम्ही करू नका.

आता भाषेकडे. आपल्याकडे हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. मुलं घरी कोंकणी बोलतात, शाळेत इंग्रजी वाचतात आणि देवळात मराठी म्हणतात. पसायदानात ‘भूतां परस्परें’ आलं तेव्हा माझ्या शेजारी बसलेला एक पोरगा हळूच म्हणाला, ‘भुतां कशीं इश्ट जातलीं?’ म्हणजे, भुतं कशी मित्र होणार? पुढे ताईंपर्यंत ते पोचलं नाही. भूत म्हणजे प्राणिमात्र, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. वर्षभर तो भुताखेतांच्या मैत्रीची प्रार्थना करत होता. उलट ‘व्यंकटी सांडो’ मधलं ‘सांडो’ त्याला विचारलं असतं तर त्याने झटक्यात सांगितलं असतं, कारण कोंकणीत पैसे हरवले की ते ‘सांडतात’. म्हणून टिपून ठेवा: कठीण शब्द आल्यावर ताई मुलांच्या घरच्या भाषेत उतरतात का? की ‘शुद्ध बोला’ म्हणून दटावतात? दटावलेलं मूल पुढच्या खेपेस विचारत नाही.

तालासुराचं फार मनावर घेऊ नका. पेटी बेसूर असली तरी चालेल. सोहिरोबानाथ आंबियेंचं ‘हरिभजनावीण काळ घालवू नको रे’ मुलं टाळ्या वाजवत म्हणत असतील, तर हा कवी आपल्याच मुलखातला, पेडण्यात त्याच्या नावाचं कॉलेज आहे, एवढं सांगितलं तरी मुलांचे डोळे मोठे होतात. चित्र, नाट्य, समईची वात वळणं, सगळं चालतं. फक्त वात वळता वळता धडा विसरला नाही ना, तेवढं पाहा.

गोष्ट सांगतानाची जागा मात्र नीट ऐका. कवळ्याच्या शांतादुर्गेचं घ्या. शिव आणि विष्णू यांचं भांडण देवीने मध्ये पडून मिटवलं, ही कथा. देवी केळशीहून झुआरी नदीपलीकडे कवळ्याला आणली गेली, हा सोळाव्या शतकातला इतिहास. आजचं देऊळ १७३८चं, हाही इतिहास. तिन्ही गोष्टी एकाच सुरात सांगितल्या तर मुलाला फरक कळणार कसा? ‘आपण असं मानतो’ आणि ‘असं घडलं’ ही दोन वाक्यं ताई वेगळी ठेवतात का, हे मी हल्ली सगळ्यात आधी तपासते. कथेला कथा म्हटल्याने देवी लहान होत नाही.

देवळं का हलवावी लागली हे सांगताना पोर्तुगीज येणार, बाटवाबाटवी येणार. ते लपवू नये. पण सोमवारी हाच मुलगा शाळेत ज्याच्या बाकावर बसतो तो रविवारी चर्चमध्ये दोतोर्नाला, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या वर्गाला जातो. तो आज इथं सतरंजीवर बसला असता तर ताईंनी हेच वाक्य असंच म्हटलं असतं का? ही कसोटी प्रत्येक वाक्याला लावा. ‘पोर्तुगीज राजवटीने’ आणि ‘त्यांनी’ यात फार अंतर आहे. चार शतकांपूर्वीच्या राजवटीचा राग वर्गमित्रावर निघायला एक सर्वनाम पुरतं. शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मेरीमाता, या बहिणी आहेत असं आपली माणसं मानतात. इतिहासाच्या शेजारी ही गोष्ट सांगणाऱ्या ताई भेटल्या की मी वहीत दोन रेघा ओढते.

वर्ग सुटल्यावर लगेच मत देऊ नका. आठ दिवसांनी वर्गातलं एखादं मूल बाजारात किंवा जत्रेत भेटेलच. ‘गेल्या रविवारी काय केलं रे?’ एवढंच विचारा. ‘शीरा खाल्ला’ म्हणालं तरी हिरमुसू नका, पुढे बोलू द्या. शीऱ्यानंतर जे येईल ते वहीतल्या वरच्या ओळीशी ताडा.

शेवटी ते पान ताईंना द्या, समितीला नव्हे. मी एकदा समितीला दिलं होतं. ते नोटीस बोर्डावर लागलं आणि त्या ताई पुढच्या रविवारी आल्या नाहीत. आता मी दोघींसाठी चहा मागवते, पान समोर ठेवते आणि मुलांच्या प्रश्नांची बाजू आधी वाचायला देते. भुतांच्या मैत्रीचा प्रश्न वाचून एक ताई आधी खूप हसल्या, मग गप्प झाल्या आणि म्हणाल्या, ‘टीचर, हा कुठला? नाव नको, कुठल्या ओळीत बसतो तेवढं सांगा.’